बॅरिस्टर बाबासाहेब आणि आपण बायका

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्यावे, असे अध्यक्षबाईंनी मला सांगितले तेव्हा मी आधी नकोच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत झालेले. वाचनालयातून पुस्तक आणून दुपारी वाचावे एवढीच आवड. लिहिण्याची सवय म्हणाल तर वाण्याची यादी आणि दुधाचा हिशेब. पण त्यांनी आग्रह धरला, आणि मी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव सांगितले. त्यावर बैठकीत एक-दोघींनी विचारले की, त्यांच्यावर दरवर्षी १४ एप्रिलला भाषणे होतातच. बायकांच्या स्मरणिकेत जिजाऊ, अहिल्याबाई, सावित्रीबाई सोडून ते कशाला? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर म्हणून हा लेख लिहिला आहे. यात पुतळ्यातल्या बाबासाहेबांपेक्षा कोर्टात उभे राहणाऱ्या बॅरिस्टर आंबेडकरांची हकीगत जास्त आहे.

आधी माझ्या घरची एक गोष्ट सांगते, म्हणजे मी हे चरित्र का निवडले ते कळेल. माझी आई मिरचीच्या पथारीवर देठ खुडायला जात असे. आपल्या दोंडाईच्यात लाल मिरचीचा मोसम कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको. १९९३ च्या जानेवारीत माझ्या धाकट्या भावाचा जन्म झाला. बाळंतिणीने सव्वा महिना घरात राहावे ही आपली रीत. पण मोसम ऐन भरात होता, आणि खुडलेल्या मिरचीच्या वजनावर मजुरी होती. आई अठराव्या दिवशी पथारीवर गेली. तान्ह्या मुलाला तिथल्या खकाण्यात नेता येईना, म्हणून मी शाळा सोडून घरी राहिले. गुरुजींनी दया करून वार्षिक परीक्षेला बसू दिले आणि मी सातवी पास झाले. आठवीच्या वर्गात मात्र मी कधी बसले नाही. यात मी आईला कधी दोष दिला नाही. पथारीच्या मालकाला विचारावे असे तर आमच्या कोणाच्या मनातही आले नाही. हे असेच असते, असे आम्ही धरून चाललो.

पुढे बऱ्याच वर्षांनी धनंजय कीर यांनी लिहिलेले आंबेडकर चरित्र माझ्या हाती आले, आणि मला कळले की हे असेच असते असे न मानणारा एक माणूस माझ्या जन्माच्या कितीतरी आधी होऊन गेला होता.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते व लष्करी शाळेत शिकवीत. घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातल्या आंबडवे गावचे. रामजींचे हे चौदावे अपत्य. आई भीमाबाई लहानपणीच वारली. साताऱ्याच्या शाळेत भीमाला इतर मुलांपासून वेगळे, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे. तहान लागली तरी नळाला हात लावायचा नाही. शिपायाने तोटी सोडली तर पाणी, शिपाई नसला तर तसेच कोरड्या घशाने बसायचे. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून ते १९०७ साली मॅट्रिक झाले. नंतर बी. ए. झाले, आणि बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथून १९१६ साली लंडनला जाऊन त्यांनी अर्थशास्त्राच्या अभ्यासाबरोबर बॅरिस्टरीसाठी ग्रेज इन या संस्थेत नाव घातले.

पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून परत यावे लागले. कराराप्रमाणे बडोद्याला नोकरी धरली. एवढा शिकलेला माणूस, पण त्या शहरात राहायला जागा कोणी देईना. एका पारशी धर्मशाळेत राहिले, तिथूनही लोकांनी काठ्या घेऊन बाहेर काढले. ती नोकरी सोडून ते मुंबईला आले. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पैसा पैसा साठवला आणि १९२० साली पुन्हा लंडन गाठले. १९२२ साली ते बॅरिस्टर झाले.

या सगळ्या काळात मुंबईत संसार कोणी ओढला? रमाबाईंनी. भगिनींनो, आपण चरित्र वाचताना हे पान दोनदा वाचावे. नवरा सातासमुद्रापलीकडे, हाती पैसा नाही, शेणाच्या गोवऱ्या थापून त्यांनी चूल पेटती ठेवली. पाच मुले झाली, त्यांतला एक यशवंतच जगला. १९३५ च्या मे महिन्यात त्या गेल्या. १९४० साली छापलेला पाकिस्तानच्या प्रश्नावरचा ग्रंथ बाबासाहेबांनी त्यांना अर्पण केला आहे. राजकारणाच्या जाड पुस्तकाच्या पहिल्या पानावर त्या माउलीचे नाव आहे, हे वाचून मला भरून आले.

१९२३ साली मुंबई हायकोर्टाची सनद घेण्याची वेळ आली तेव्हा जवळ पैसे नव्हते. नवल भथेना या पारशी मित्राने मदत केली. सनद मिळाली, पण कामे मिळेनात. हायकोर्टात बॅरिस्टरला काम तेव्हा सॉलिसिटरकडून येई. अस्पृश्य बॅरिस्टरकडे कागद घेऊन जायला सॉलिसिटर तयार नसत. मग त्यांनी जिल्ह्याच्या कोर्टांतली कामे घेतली, आणि पोटासाठी बाटलीबॉय यांच्या हिशेबनिशीच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवला. कचेरी परळला दामोदर हॉलमध्ये, म्हणजे गिरणी कामगारांच्या वस्तीत. तेथे फी देऊ न शकणारे पक्षकारच फार येत. गरिबाचे काम ते फुकट करीत.

१९२६ साली पुण्यात एक मोठा खटला झाला. ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरून केशवराव जेधे, दिनकरराव जवळकर आणि त्यांच्या सोबत्यांना शिक्षा झाली होती. अपिलात आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि त्यांना सोडवले. त्यांच्या वकिलीचे नाव तेव्हापासून झाले.

यानंतरची हकीगत महाडच्या तळ्याची. ती तुम्ही ऐकली असेल, पण तिचा कोर्टातला भाग फारसा कोणी सांगत नाही. सरकारी पैशाने बांधलेल्या किंवा चालवलेल्या विहिरी, तळी, शाळा, कचेऱ्या सर्वांना खुल्या असाव्यात असा ठराव सी. के. बोले यांनी १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात पास करून घेतला. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. म्हणून २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यावरून मारहाण झाली, आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव रद्द केला. डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह ठरला, तेव्हा विरोधकांनी तळे खासगी आहे असे सांगून कोर्टातून तात्पुरता मनाई हुकूम आणला.

सत्याग्रहाला आलेली हजारो माणसे तयार होती. पण बाबासाहेबांनी लोकांना समजावून सत्याग्रह तहकूब ठेवला, आणि कोर्टाचा वाद कोर्टात लढण्याचे ठरवले. त्याच वेळी महाडला त्यांनी स्त्रियांची वेगळी सभा घेऊन स्वच्छ नेसणे, मुलींना शिकवणे यांविषयी त्यांना सांगितले. दावा पुढे जवळजवळ दहा वर्षे चालला. प्रश्न एवढाच, की तळे कोणाचे? ते खासगी मालकीचे नसून नगरपालिकेचे आहे, आणि अस्पृश्यांना मज्जाव करण्याची रूढी अनादी काळापासूनची असल्याचे सिद्ध होत नाही, अशा मुद्द्यावर १७ मार्च १९३७ रोजी हायकोर्टाने निकाल कायम केला. एका ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षे! पण तो निकाल लागल्यावर सार्वजनिक म्हणजे सर्वांचे, ही गोष्ट कोर्टाच्या कागदावर आली.

आता आपल्या विषयाकडे येते. १९२७ पासून ते मुंबईच्या कायदेमंडळाचे सभासद होते. जुलै १९२८ मध्ये तेथे कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या भत्त्याचे बिल आले. गिरणीत काम करणाऱ्या बाईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर काही आठवडे विश्रांती मिळावी व त्या काळातली भाकरी बुडू नये, असा त्याचा उद्देश. खर्च मालकाने का सोसावा, असा आक्षेप निघाला. बाबासाहेबांनी बिलाला पाठिंबा दिला. आईला त्या दिवसांत विश्रांती मिळणे हे साऱ्या देशाच्या हिताचे आहे, म्हणून बराचसा भार सरकारने उचलावा. पण त्या बाईच्या श्रमावर मालकालाही फायदा होतो, तेव्हा त्याने आपला वाटा नाकारू नये, अशी त्यांची मांडणी होती. १९२९ साली मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. हिंदुस्थानात या विषयावरचा तो पहिला कायदा. हे वाचताना मला आईचा अठरावा दिवस आठवला. तिच्या आधी चौसष्ट वर्षे हे बोलले गेले होते.

बाबासाहेबांचा आपल्या खानदेशाशीही संबंध आला, आणि त्यातला पहिला प्रसंग सांगताना मान खाली जाते. सरकारने अस्पृश्य व आदिवासी यांच्या तक्रारी पाहण्यासाठी एक समिती नेमली होती. तिचे सभासद म्हणून १९२९ साली ते खानदेशात फिरले. धुळ्याच्या रेल्वेफाट्यावरच्या एका गावात अस्पृश्यांवर बहिष्कार घातला होता, त्याची चौकशी करून ते चाळीसगावला परतले. स्टेशनावर त्यांना न्यायला लोक आले होते, पण अस्पृश्याला घेऊन टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. पाहुण्याला पायी नेणे बरे दिसत नाही म्हणून वस्तीतल्या लोकांनी टांगा भाड्याने घेतला, आणि कधी टांगा न हाकलेल्या आपल्यातल्याच एकाला हाकायला बसवले. नदीवरच्या कठडा नसलेल्या फरशीवर चाक दगडांत अडकले. बाबासाहेब फरशीवर फेकले गेले, घोडा आणि टांगा नदीत पडला. त्यांच्या पायाचे हाड मोडले व बरेच दिवस अंथरुणावर काढावे लागले. बॅरिस्टर झाले, मोठ्या समितीचे सभासद झाले, तरी टांगा हाकणाऱ्याला ते आपल्यापेक्षा खालचे वाटले. तो रस्ता आपला, तो टांगेवालाही आपल्यातलाच.

दुसरा प्रसंग बरा आहे. ३१ जुलै १९३७ रोजी ते कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले व लळिंगच्या डोंगरात लांडोर बंगल्यावर मुक्कामाला राहिले. त्याची आठवण म्हणून दरवर्षी ३१ जुलैला तेथे मोठी गर्दी लोटते. मी एकदा माहेरच्या माणसांबरोबर तिथे गेले होते. पावसाळ्यात लळिंगचा डोंगर हिरवागार असतो. बाया लेकरांना कडेवर घेऊन चढत होत्या.

सगळीच कामे त्यांनी जिंकली असे नाही. १९३४ साली र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला. स्त्रीपुरुषांच्या आरोग्याविषयी जे कोणी बोलत नसे ते कर्वे छापीत. त्यांच्या बाजूने बाबासाहेब उभे राहिले, आणि हरले. कर्व्यांना दंड झाला. ज्या कामात नाव जाईल, पैसा मिळणार नाही, यशही येईल असे नाही, ते कामही त्यांनी घेतले, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

१९३५ ते १९३८ ते मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्रिन्सिपल होते. १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. कामगारांच्या संपावर बंधने घालणारे बिल आले तेव्हा ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत मोठा संप झाला, त्यात ते पुढे होते. माणसाला त्याच्या मनाविरुद्ध कामावर राहायला लावणे म्हणजे गुलामी, अशी त्यांची भूमिका होती.

१९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. खाणीतल्या बायांच्या बाळंतपणाच्या भत्त्याच्या कायद्यात त्यांनी १९४३ साली दुरुस्ती आणली. कारखान्यातले आठवड्याचे काम ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती १९४६ साली झाली, तिची तयारी त्यांच्याच खात्याने केली. पण चरित्र लिहायचे तर सगळे लिहावे. युद्धात कोळसा कमी पडू लागला म्हणून सरकारने १९४३ साली बायकांना खाणीत जमिनीखाली काम करण्याची बंदी उठवली. त्याबद्दल पुष्कळ टीका झाली, आणि खात्याचे सभासद म्हणून बाबासाहेबांना त्या निर्णयाची बाजू मांडावी लागली. बाईला पुरुषाइतकीच मजुरी मिळते यावर त्यांनी भर दिला. १९४६ साली ती बंदी पुन्हा लागू झाली. मला ही गोष्ट वाचून वाईट वाटले, पण लपवावी असे वाटले नाही.

शिक्षणाचे काम तर त्यांनी वकिलीबरोबरच धरले होते. १९२५ साली सोलापूरला त्यांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने मुलांचे वसतिगृह काढले. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ साली मुंबईला सिद्धार्थ कॉलेज, १९५० साली औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय, आणि १९५६ साली सिद्धार्थ लॉ कॉलेज निघाले.

२९ ऑगस्ट १९४७ रोजी घटनेचा मसुदा करणारी समिती नेमली गेली, तिचे ते अध्यक्ष. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना स्वीकारली गेली. तिच्यातली तीन कलमे मी वहीत उतरवून ठेवली आहेत. ३९ व्या कलमात स्त्रीपुरुषांना सारख्या कामाला सारखे वेतन, ४२ व्यात बाळंतपणातील साहाय्य, आणि ४५ व्यात चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना दहा वर्षांच्या आत मोफत व सक्तीचे शिक्षण. पण ही कलमे सरकारला दिलेले निर्देश होते. ती मोडली म्हणून कोर्टात जाता येत नसे. दहा वर्षे १९६० साली संपली. मी शाळा सोडली १९९३ साली, तेव्हा मला चौदा वर्षे पुरी झालेली नव्हती. शिक्षण हा मूलभूत हक्क करणारी घटनादुरुस्ती २००२ साली झाली, त्याचा कायदा २००९ साली आला. माझ्या मुलीच्या वाट्याला तो आला. बाळंतपणाच्या रजेचा कायदा साऱ्या देशासाठी १९६१ साली झाला, आणि २०१७ साली ती रजा २६ आठवड्यांची झाली.

हिंदू कोड बिलात बायकांना वारसा, घटस्फोट, दत्तक यांचे हक्क देण्याचा त्यांचा प्रयत्न अडवला गेला, तेव्हा त्यांनी सप्टेंबर १९५१ मध्ये कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला. १९५५ आणि १९५६ साली तेच कायदे तुकड्यातुकड्याने पास झाले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी लाखो लोकांसह बौद्ध धर्म स्वीकारला, आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीला त्यांचे देहावसान झाले.

असो. चरित्र संपले, पण बैठकीतल्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे राहिले. मजुरी, शाळा आणि कायदा ही आपल्याला तीन वेगळी खाती वाटतात. आमच्या घरात ती एकच होती. आईला अठराव्या दिवशी मजुरीला जावे लागले, म्हणून माझी शाळा गेली. आणि दोन्हींसाठी कायद्याचा शब्द कुठेतरी लिहिलेला असून आमच्यापर्यंत पोचला नाही. बाबासाहेबांनी ही तीन खाती एकत्र पाहिली. म्हणून ते आपलेही आहेत, मग आपली जात कोणतीही असो.

कायदा पोचला का नाही, याचाही मी विचार केला. आईचे नाव कोणत्याच हजेरीपटावर नव्हते. किती दिवस काम केले, किती मिरची खुडली, हे मालकाच्या चिठ्ठीवर असे, आणि चुकते केल्यावर ती चिठ्ठी फाडून टाकत. ज्याचे नाव लिहिलेले नाही, त्याने हक्क मागायचा कसा? महाडचे तळे नगरपालिकेचे आहे हे दाखवता आले, म्हणून तो दावा उभा राहिला.

म्हणून माझी मंडळाला एक सूचना आहे. आपण एक मोठी वही घ्यावी. पथारीवर, कापूस वेचायला किंवा दुसऱ्याच्या शेतात जाणाऱ्या आपल्या ज्या बहिणी असतील, त्यांनी आठवड्याचा हिशेब झाला की येऊन सांगावे. तारीख, जागा, वजन, मजुरी, आणि कोणी बाळंतीण असेल तर ती किती दिवसांनी कामावर गेली, एवढे त्यात लिहून ठेवू. कोणाशी भांडायचे म्हणून नव्हे. उद्या कोणी विचारले तर दाखवायला असावे म्हणून. लिहिण्याचे काम मी करीन. सातवीपर्यंतच शिकले असले तरी माझे अक्षर चांगले आहे.

— मंडळाची एक सभासद, दोंडाईचा